खोळ ठेवायची की जाळायची

३ मार्च
गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्तन काढावा लागेल, पण वरची त्वचा आणि स्तनाग्र ठेवता येईल. आतलं सगळं काढायचं, आत नवं भरायचं. म्हणजे माझाच धंदा की! जन्म गेला सोफ्यांच्या खोळी उसवून आतला स्पंज बदलण्यात. आधी हसू आलं, मग रडू. नवरा दोन्ही वेळा पाणीच आणून देत होता.

४ मार्च
ताईला दुकानात सांगितलं. ती टाके उसवत होती, हात थांबला नाही तिचा. "सगळं काढून टाक. ढेकूण निघालेल्या सोफ्याची खोळ आपण ठेवतो का?"
नाही ठेवत. मागे नेऊन जाळतो. बाबांपासूनचा नियम आहे. झालं, माझं डोकं फिरलं.

७ मार्च
नवरा तो शब्दच उच्चारत नाही. "ते... बटण ठेवायचं ठरलं का?" बटण! सोफ्याला असतं ते! इतक्या वर्षांचा संसार, आणि माणूस कानापर्यंत लाल.
मला हवंय ते. इथे तरी खरं लिहिते. कुणी बघो न बघो, आंघोळीला मी बघते.

१० मार्च
डॉक्टरीणबाईंना ढेकणांचा नियम ऐकवला. पेन खाली ठेवून हसल्या. म्हणाल्या, गाठ लहान आहे, स्तनाग्रापासून लांब आहे, म्हणून तर विचारतेय. ऑपरेशन चालू असतानाच स्तनाग्रामागचा तुकडा तपासायचा. स्वच्छ निघाला तर ठेवायचं, नाहीतर काढायचं. नीट पारखून निवडलेल्या बायकांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण सगळं काढलेल्यांइतकंच दिसतं. "शून्य नाही हं. आणि स्पर्श बहुतेक कळणार नाही."
बाई आवडली. मीही गिऱ्हाइकाला कापडाचा रंग कधीच जाणार नाही असं सांगत नाही.
ताई म्हणाली, ती तुला गुंडाळतेय. तेव्हापासून अबोला.

१८ मार्च
उद्या. ताई आली नाही. भीती वाटतेय— आणि तिचा रागही येतोय.

२० मार्च
काल शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, राहिलं का? नवरा भर वॉर्डात ओरडला, "बटण शाबूत!" नर्स त्याचा शर्ट न्याहाळत बसली. हसले तर टाके ओढले गेले.

२९ मार्च
पक्का रिपोर्टही स्वच्छ. ढेकूण स्पंजात होते, खोळीत नव्हते. तपासण्या मात्र चालू ठेवायच्या. ताईला निरोप पाठवला. उत्तर नाही. भलतीच हट्टी बाई!

४ एप्रिल
दुकानात गेले, नुसती बसायला. ताईने भर दुपारी शटर ओढलं. माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ लागली. कधीपासून, विचारलं.
"तुझ्या आधीपासून." मग मान खाली घालून, "माझंही राहील का गं?"