बेटावर जाण्याचा योग्य महिना

४ सप्टेंबर
हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. फुफ्फुसांचा नवा फोटो जुन्यापेक्षा वाईट आलाय. डॉक्टर म्हणाले, इथली हवा हिला मानवत नाही, थोडे दिवस त्या बेटावर नेऊन आणा, तिथे ना उकाडा ना थंडी. मी विचारलं, कोणत्या महिन्यात नेऊ? तर म्हणे कधीही न्या, पण लवकर न्या. एवढा शिकलासवरलेला माणूस आणि बोलणं इतकं मोघम. सव्वीस वर्षं मी शीतगृहात दर दोन तासांनी तापमान लिहितोय. दोन अंश इकडचे तिकडे झाले की खोलीभर केळी काळी पडतात. केळ्यांना चालत नाही ते हिला कसं चालेल?
संकल्प: हिला बेटावर न्यायचंच, पण वर्षातल्या सर्वांत चांगल्या महिन्यात.
लग्न झाल्यापासून ही त्या बेटाचं नाव काढते आहे. आता मी मनावर घेतलंय म्हटल्यावर काळजीचं कारण नाही.

९ सप्टेंबर
तक्ता तयार झाला. बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि सहा रकाने: कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस, दमटपणा, वारा, गर्दी. प्रत्येक महिन्याला शंभरपैकी मार्क. ऑफिसातला जाड कागद वापरला. ही म्हणाली, छान दिसतोय. माझ्या अक्षराचं हिला पहिल्यापासून कौतुक.

१६ सप्टेंबर
अडचण आली. बाराही महिने एक्क्याऐंशी ते शहाऐंशीच्या आत. असं कसं होईल? कुठेतरी चुकतंय. दहा वर्षांचे आकडे घेतले होते, आता तीस वर्षांचे मागवतो. मार्कही दशांशात देतो. घाईघाईत भलताच महिना निवडला तर जन्मभर बोलणी खावी लागतील.

३ ऑक्टोबर
हिने कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून घरातच फिरते. म्हणाली, आत्तापासून सैल करून ठेवते, तिथे गेल्यावर चावायला नकोत. आज जिन्यात तीनदा थांबली. तिसऱ्यांदा पायरीवरच बसली. नव्या बुटांनी होतं तसं.

२१ ऑक्टोबर
बेटावरच्या लॉजच्या मालकीणबाईंना अकरा प्रश्न लिहून पाठवले होते. उत्तर एका ओळीत आलं. कधीही या, जास्तीची पांघरुणं आहेत. या बाई आणि आमचे डॉक्टर एकाच वर्गात असावेत.

६ नोव्हेंबर
बूट आठवडाभर जागचे हलले नाहीत. पुरेसे सैल झाले असणार.

११ नोव्हेंबर
आमचा कंप्रेसरवाला लग्नानंतर त्या बेटावर जाऊन आलाय, हे आजच कळलं. डबा बाजूला ठेवून त्याला गाठलं. कुठला महिना होता? आठवत नाही म्हणाला. हवा कशी होती? तेही आठवत नाही. मग काय आठवतं? म्हणाला, बायकोची टोपी वाऱ्याने उडाली आणि ती हसत हसत मागे धावली. मी तक्त्यात वाऱ्याचे दोन मार्क कापले. असल्या माणसाच्या हातात आपण कंप्रेसर दिलाय.

२८ नोव्हेंबर
घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची घरघर अगदी आमच्या दोन नंबरच्या कोल्ड रूमसारखी आहे, त्यामुळे मला परकं वाटत नाही. दुपारी शेजारी बसलो तर छान डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, न्यायचं असेल तर आता महिन्याभरात न्या, सोबत छोटं मशीन देतो. मी त्यांना डिसेंबरातल्या दमटपणाचे आकडे समजावून सांगितले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग चष्मा काढून हिच्याकडे बघत बसले. आकड्यांसमोर माणूस असाच गप्प होतो.

१९ डिसेंबर
ठरलं. एप्रिलचा दुसरा आठवडा. ८६.४ मार्क. जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, एप्रिल लांब आहे. मी म्हटलं, चारच महिने तर राहिलेत, बघता बघता जातील. तिने वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, जानेवारी नाही का चालणार? जानेवारी सर्वांत शेवटचा, ८१.२. मी तक्ता आणून तिच्यापुढे ठेवला. खूप वेळ बघत होती. मग तिने विचारलं, यात माझा रकाना कोणता? मी म्हटलं, दमटपणात तुझा विचार आलाच आहे.
ताट तसंच टाकून उठली. भूक हल्ली कमीच आहे, वयाने होतं.

६ जानेवारी
मेहुणी आली. सगळे तिला धाकटीच म्हणतात, पण जिभेने ती कोणाची धाकटी नाही. आल्या आल्या म्हणाली, भाऊजी, तुमचा एप्रिल तुमच्यापाशी ठेवा, मी ताईला परवा घेऊन जातेय, बोटीची तिकिटं काढलीत, तुमचंही काढलंय.
मी शांतपणे सांगितलं की चुकीच्या महिन्याला माझी संमती नाही. शिवाय बारा तारखेला शीतगृहाचं वार्षिक इन्स्पेक्शन आहे, मी नसलो तर सगळं अडेल. धाकटीने माझ्यादेखत साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, खुशाल जाऊ दे, आकडे काय, कोणीही लिहील. सव्वीस वर्षांनंतर हे ऐकायचं. आता तर जाणं शक्यच नाही. हजर राहूनच दाखवायला हवं.

८ जानेवारी
दोघींना, डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या मशीनसकट, टॅक्सीत बसवून दिलं. हिच्या पर्समध्ये माझं चांगलं थर्मामीटर ठेवलं आणि सांगितलं की सावलीतलंच तापमान घ्यायचं. तिने काच खाली करून माझी कॉलर सारखी केली. म्हणाली, फ्रिजमध्ये दोन दिवसांची भाजी आहे. टॅक्सी वळेपर्यंत उभा होतो. घरात मशीन बंद आहे. शांत वाटतं. म्हणजे, वाटायला हवं.

११ जानेवारी
रोज संध्याकाळी हिचा फोन येतो. परवा एकोणीस अंश, काल एकोणीस, आज वीस. अंदाजे सांगत असणार, इतकं सारखं तापमान माझ्या कोल्ड रूममध्येही राहत नाही. दिवसभर वऱ्हांड्यात बसते म्हणाली. आवाज बरा वाटला.

१२ जानेवारी
इन्स्पेक्शन झालं. इन्स्पेक्टर वीस मिनिटांत सही करून गेला. वही उघडलीच नाही.

१५ जानेवारी
तिथे पाऊस. सलग दुसरा दिवस. मी म्हणत होतो तेच झालं. फोनवर तसं सांगितलं. ही म्हणाली, पाऊस छान पडतोय, मी आणि धाकटी पांघरुणात बसून बघतोय, लहानपणीसारखं. थोडी धाप लागली तिला. मग म्हणाली, या ना तुम्ही. असं ती सहसा म्हणत नाही. मी म्हटलं, आकाश मोकळं होऊ दे, लगेच निघतो.

१६ जानेवारी
आज फोन धाकटीने केला. म्हणाली, ताईला बोलवत नाही, भाऊजी, आजच्या बोटीने या. धाकटीला राईचा पर्वत करायची सवय आहे. हवामानाचा अंदाज पाहिला. एकोणीस तारखेपासून ऊन, वारा मंद, समुद्र शांत. एकोणीसचं तिकीट काढलं. बॅगही भरली. हिला स्वच्छ दिवशी भेटायचं, पावसात नाही.

१८ जानेवारी
सकाळी साडेनऊला फोन आला. मी दोन नंबरच्या खोलीत आकडे घेत होतो. कंप्रेसरवाला बोलवायला आला. त्याने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि पुढचं तापमान स्वतः लिहिलं. बरोबर लिहिलं.
दुपारच्या बोटीने निघालो.

१९ जानेवारी, सकाळ
बेटावर. रात्रभर धाकटी हिच्याजवळ बसून होती, मीही. मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रं झाली. संध्याकाळच्या बोटीने हिला घरी घेऊन जायचं आहे. धाकटी एकदाही रागावून बोलली नाही. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एवढंच म्हणाली की ताई रोज बोटीच्या वेळेला केस नीट करून बसायची.
माझी डायरी दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी चष्मा काढला तेव्हाच मला समजलं होतं. खरं तर पहिल्याच दिवशी, ते लवकर म्हणाले तेव्हा. महिना ठरत नाही तोवर काही होणार नाही, असं काहीतरी मी धरून बसलो होतो. मला फार भीती वाटत होती.
मालकीणबाईंनी चहा आणून दिला आणि वऱ्हांड्यातल्या हिच्या खुर्चीत बसायला सांगितलं. बसलोय. हवा चांगली आहे. सप्टेंबरातही अशीच असणार.