दहाच्या जागी तीसचा फ्यूज

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून आधी ते लिहून मोकळी होते. पुढचं वाचून खरं-खोटं तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंच्या खोकल्याला उतार पडला का? तुमचे दादा ठणठणीत आहेत, फक्त गेले चार दिवस माझ्याशी मोजून-मापून बोलतात. (फोनच केला असता, पण मी फोन उचलला की ते शेजारी येऊन बसतात आणि पेपर उलटा धरून वाचतात.)

तर झालं असं. गाडीतला जुना स्टिरिओ हल्ली एकाच बाजूनं बोलायचा, म्हणून दादांनी नवा आणला. बसवायला मिस्त्री बोलवू या म्हटलं, तर यांचा अपमान झाला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस! सोबतची पुस्तिका तीनदा वाचली, तिच्यातल्या नऊ चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि मंगळवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला. वायरीला वायर जोडली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, सगळं इतकं नीटनेटकं की मीही कौतुक केलं. (चूक माझीही आहे, ती अशी.) किल्ली फिरवली, स्टिरिओ मुका. तासभर खटपट केल्यावर कळलं, हेडलाइट लावले की तो गातो आणि बंद केले की गप्प. यांनी पुस्तिका चौथ्यांदा वाचली. "पुस्तिकेप्रमाणे सगळं बरोबर आहे," म्हणाले. मग वायरी सोडून पुन्हा जोडल्या, तर आतून चट् असा आवाज आला आणि स्टिरिओ, गाडीतलं घड्याळ, छताचा दिवा, सगळे एकदम गेले.

फ्यूज उडाला होता. तेवढं त्यांनी बरोबर ओळखलं. डिकीत फ्यूजांची डबी असते, त्यातला एक काढून बसवला आणि काय सांगू, सगळं उजळलं! स्टिरिओ असा खणखणीत वाजला की शेजारीण खिडकीत आली. "चल, एक चक्कर मारू," म्हणाले. मी चप्पल पायात सरकवली आणि बसले.

उड्डाणपुलावर चढलो आणि मला वास आला. तवा विसरल्यावर प्लास्टिकचं झाकण वितळतं ना, तसा. मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग माझ्या गुडघ्याला ऊब लागली. खाली पाहिलं तर स्टिरिओच्या मागून धुराची एक बारीक रेघ, अगदी उदबत्तीसारखी शांतपणे वर येत होती. स्टिरिओवर कोणी गृहस्थ कुंडीतल्या मातीबद्दल बोलत होते. मी बटण दाबलं, ते थांबेनात. मी बाटली उघडली तशी दादा ओरडले, "पाणी नको!" मागे बस, बाजूला कठडा, थांबायला वीतभर जागा नाही. भाऊजी, त्या माणसाच्या कपाळावरचा घाम मी लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. धूर काळा व्हायला लागला. मी काच खाली केली, पदर नाकाला लावला आणि मागच्या बसला हातानं "लांब राहा, लांब राहा" करत राहिले. तो ड्रायव्हर मला उलट हात हलवून हसला. पूल संपला, यांनी गाडी कडेला घातली, बॉनेट उघडलं आणि खिशातल्या पान्यानं बॅटरीची वायर सोडवली. त्यात पाना दोनदा खाली पडला. मातीवाले गृहस्थ वाक्याच्या मध्येच थांबले. आम्ही दोघं फूटपाथवर बसलो.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी अर्धी वितळलेली वायर बाहेर काढली, फ्यूज चिमटीत धरला आणि विचारलं, "दहाच्या जागी तीसचा कोणी घातला? म्हणून वायर जळेपर्यंत फ्यूज उडाला नाही."

"सारखेच दिसले. आकडा चष्म्याशिवाय वाचता येत नाही," दादा म्हणाले.

"अहो, आकडा कशाला वाचायचा? दहाचा लाल असतो, हा चक्क हिरवा आहे! वायरीही तशाच, लाल तिथे हिरवी. दिसत नाही का तुम्हाला?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दादा हळूच म्हणाले, "नाही दिसत."

भाऊजी, एकतीस वर्षांचा संसार आणि मला गॅरेजमध्ये, एका परक्या माणसासमोर कळलं. शाळेत यांनी झाडाची पानं तांबडी रंगवली, मास्तरांनी ते चित्र वर्गभर फिरवलं, तेव्हापासून यांनी कोणाला सांगितलं नाही. छापखान्यातलं कामही त्यासाठीच धरलं. पांढऱ्यावर काळं, फसायला जागा नाही. घरी येताना मी विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्या प्रत्येक साडीला छान म्हणायचात ते कसं?" तर म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचो." रागवावं की काय करावं मला कळेना. मी रागावले, ते सोपं होतं. रात्री जेवताना त्यांना लिंबाची फोड जास्तीची वाढली, ते मात्र मुद्दाम नव्हे.

कळावे, लोभ आहेच.
तुमची वहिनी

ता. क. डॉक्टरांनी तपासलं. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. सिग्नलला वरचा दिवा कोणता नि खालचा कोणता, हे यांना पाठ आहे. वायरी मात्र बंद.

ता. क. दुसरा. डॉक्टर म्हणाले, हे आईकडून मुलांकडे येतं. तुम्हा दोघांची आई एकच. हे पत्र ज्या कागदावर आहे त्याचा रंग मला फोन करून सांगा. जाऊबाईंना विचारायचं नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र याच्याचसाठी. दोन घेतले तर सूट होती, म्हणून दादांनी तसलाच एक स्टिरिओ तुम्हालाही पाठवलाय आणि "सोपं आहे, घरीच बसव" असं तुम्हाला कळवलंय. खोकं उघडू नका. उघडलंच असेल तर गाडीची किल्ली शोधत बसू नका; मी बुधवारीच शेजारणीच्या फोनवरून जाऊबाईंशी बोलले आहे, ती त्यांनी लपवली आहे.