तोंडातलं बाळंतपण

विहीणबाई यांस,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. व्याहीबुवांचा खोकला कसा आहे? औषध घ्यायला कुरकुर करत असतील तर नाक दाबा, तोंड आपोआप उघडतं. सूनबाईची तब्येत मी विचारत नाही. ती तुमच्याकडे चार दिवस शांतपणे राहायला आली आहे आणि मी फोन करू नये, असं चिरंजिवांमार्फत मला कळवण्यात आलंय, आणि मी शब्दाची पक्की बाई आहे. (पायांवर सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा. एवढंच.) पत्रास कारण असं काही नाही. सहज आपलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी प्रसूतिगृहात नर्स होते. निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलं. अशा बाईच्या घरात सून पोटुशी राहिली, आणि त्या बाईनं रोज सकाळी तिचं वजन केलं, रक्तदाब बघितला, ती फिरायला निघाली की मागोमाग चालली, दुपारी ती झोपली की उशाशी बसून श्वास मोजले, तर यात बॅग भरून निघून जाण्यासारखं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. असो. ती गेली आणि घर खायला उठलं. मी दूधवाल्याला वजनकाट्यावर उभं केलं, तेव्हा मात्र मुलगा घाबरला आणि काचेची भलीमोठी टाकी घेऊन आला. आत दगड, हवेचा पंप आणि सिक्लिड जातीचे पिवळे मासे. एक नर, बाकी माद्या. म्हणाला, आई, यांची पिल्लं वाढव, हे नवशिक्यांनाही जमतं. नवशिके! हे मला! मी तिथल्या तिथे पदर खोचला.

नर म्हणजे एक नंबरचा गुंड. दिवसभर माद्यांच्या मागे, आणि काम काडीचं नाही. (व्याहीबुवांना हे वाचून दाखवू नका.) आठवडाभरात एका मादीनं खाणं सोडलं आणि तिचा गळा टम्म फुगला. माझी नजर अनुभवी. मी म्हटलं, गालगुंड. जाळीनं तिला उचललं, ओल्या हातात धरलं, टॉर्च मारला आणि चमच्याच्या दांड्यानं तिला आ करायला लावलं. तिनं भसकन पिवळे दाणे बाहेर टाकले. चला, उलटी झाली, आता मोकळं वाटेल तिला, असं म्हणत मी ते सगळं बेसिनमध्ये ओतलं, वर नळ सोडला आणि तिला टाकीत सोडून चहा ठेवला. संध्याकाळी मुलानं फोनवर सूनबाईला ही हकीकत सांगितली. (फोन त्याचा होता. मी नुसती शेजारी उभी होते.) मग ती म्हणाली, अहो, ती अंडी होती, ही जात अंडी तोंडात ठेवून वाढवते, म्हणून तर ती उपाशी राहते. आणि आईंना सांगा, हात लावू नका.

विहीणबाई, इतकी बाळंतपणं केली, पण स्वतःच्या हातानं असा घात कधी केला नव्हता, आणि इथे अख्खी वीण मी बेसिनमध्ये सोडली. मी रडले. माशांसाठी कोण रडतं, म्हणाल. मी रडले, झालं. जेवण गेलं नाही. ती मादी मात्र दुसऱ्या दिवशी पोटभर जेवली.

पण मी हात टेकणाऱ्यातली नव्हे. पुन्हा एकदा टाकीतल्या सपाट दगडावर नर अंग थरथरवत तिच्याभोवती फिरायला लागला, तिनं अंडी घातली आणि लगेच तोंडात उचलून घेतली. गळा फुगला. खाणं बंद. उपाशी बाळंतीण डोळ्यांसमोर, आणि आपण काही करायचं नाही! माझा जीव नुसता वरखाली. मी माशांच्या खाण्याचा डबा शेजारणीकडे ठेवायला दिला. बाकीच्यांची चिमूट तीच येऊन घालायची. टाकीला तीन बाजूंनी वर्तमानपत्रं लावली, मिक्सर बंद, मुलाला शिंकायचं तर जिन्यात. शेवटी तिला वेगळ्या छोट्या टाकीत हलवायचं होतं, नाहीतर बाकीचे मासे पिल्लं मटकावतात. ते मुलानं केलं, पाण्यातल्या पाण्यात, वाडग्यानं. मी बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून उभी. मग एका सकाळी मी समोर चहा पीत बसले असताना तिनं तोंड उघडलं आणि आतून एक, मग दुसरं, मग सगळी भराभर बाहेर. नखाएवढीही नाहीत, पण डोळे, पर, सगळं जागच्या जागी. माझ्या मदतीशिवाय. मला थोडं वाईट वाटलं आणि फार फार आनंद झाला.

व्याहीबुवांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायची वेगळी तसदी नको.

तुमची विहीण

ता. क. पत्रास कारण नाही, हे खोटं होतं. सूनबाईचे दिवस भरत आलेत. बाळ होईल तेव्हा मला तिथे असायचंय. आत नको, बाहेरच्या बाकावर चालेल. तपासणार नाही, डॉक्टरांना शिकवणार नाही, बाळ कुणी हातात दिलं तरच घेईन. तिला विचारा. ती नको म्हणाली तर मी एक शब्द न बोलता घरी जाईन.

ता. क. दुसरा. घरी जाईन असं लिहिलंय, ते मुद्दाम. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पत्र मीच दाराखालून आत सरकवलंय. तिला सावकाश विचारा, मला घाई नाही. फक्त दार जपून उघडा, मी त्याला टेकूनच बसले आहे.