उकिरडा नाका

प्रिय राघू,

तुझ्या आवाजाचं आईला केवढं कौतुक! लहानपणी तू खाटेवर उभा राहून, चमचा तोंडासमोर धरून बातम्या द्यायचास आणि ती हातातली भांडी टाकून ऐकत बसायची. बसमध्ये थांब्यांची नावं तुझ्या आवाजात वाजणार म्हटल्यावर तिने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. डोळे गेले होते, कान शाबूत होते ना.

आपल्या वस्तीचं खरं नाव पणजोबांनी ठेवलेलं. शहरवाल्यांनी त्यांचा कचरा आणून आपल्या दाराशी ओतला आणि वर आपल्यालाच उकिरडा म्हणायला लागले. चोर तो चोर, वर शिरजोर! तो शब्द उच्चारणाऱ्याला बाबांनी घरात कधी पाणी विचारलं नाही. शाळेत तुला त्यावरून चिडवलं, तेव्हा आईच्या पदरात तोंड खुपसून तू किती रडला होतास.

गेल्या महिन्यात ती दवाखान्यातून एकटीच बसने निघाली. ऐकते कुणाचं? शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, हा माझा लेक बोलतोय हं. मग तू म्हणालास, पुढचा थांबा, उकिरडा नाका. किती गोड म्हणालास रे मेल्या! आपला थांबा आला तरी ती उतरली नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरला तिने वस्तीचं खरं नाव सांगितलं. तो म्हणाला, असा थांबाच नाही, आजी. मग चाचपडत पायीच निघाली आणि उघड्या गटारात पडली. खुबा मोडला.

वॉर्डात मला सारखं सांगायची, माझा राघू असलं बोलणार नाही, कुणा हलकटाने त्याचा आवाज उचललाय. मी हो म्हणायचे. मरणाऱ्या बाईला आणखी काय सांगणार?

तू आलास, आई म्हणून हाक मारलीस, आणि ती किंचाळली. हा बसमधला इथे कशाला आला? हाकला याला, माझ्या राघूला बोलवा! त्याच पहाटे ती गेली, राघू आला का विचारत. जिन्यात तू मला विचारलंस, आईला भ्रम झाला होता का गं? काल फोनवर परत तेच. तेव्हा जीभ उचलली नाही, म्हणून लिहितेय. भ्रमबिम काही नव्हता. तिने तुला बरोबर ओळखलं होतं.

तुझीच,
उकिरड्यावरची ताई