आंब्याच्या शेंड्यावरचा चहा

मुलुंड, १२ मे १९८६

तीर्थरूप आईला मालनचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. आपल्या घराच्या जागी आता बिल्डिंग झालीय, आंबाही गेला. वाईट वाटून घेऊ नकोस. शेजारच्या कुंदाकाकूंना तिथेच तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक मिळालाय. त्यांच्या गॅलरीत चहा घेताना वाटलं, मी चढून बसायचे तो शेंडा इथेच होता. समोर तोच डोंगर, वाराही तोच. बसल्या जागी डुलत होते गं मी!

तेवढ्यात तुझी नात कठड्याशी गेली आणि मी ओरडले, "मेले, उतर खाली, पडशील!"

"आई, मी कुठे चढलेय?"

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी तुझ्या आईचा आवाज!"

खोकला कसा आहे? औषध टाळू नकोस. आवाज जप.

तुझी,
मालन