दार तोडले नव्हते, उतरवले होते

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे, हे विचारण्यास मला सध्या मनाई आहे. तेव्हा ते विचारलेले नाही असे समजावे. अक्काने साऱ्या नातलगांना ऐकवलेली हकिकत मात्र दुरुस्त करणे भाग आहे. मी तुझे दार तोडवले नाही. चाळीस मिनिटे तू फोन उचलला नाहीस, त्याअर्थी न्हाणीघरात पडला असशील, असे ठरवून मी तुझ्या गल्लीतल्या सुताराला धाडले. त्याने बिजागऱ्या सोडवून दार अलगद उतरवले. (केस कापायला जातोस हे आधी सांगितले असतेस, तर त्या बिचाऱ्याची खेप वाचली असती.) त्यावर ‘दादा, हे खूळ जाईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस’ असे तू म्हणालास, म्हणून मी समुपदेशनास गेलो.

समुपदेशिका वयाने नातीएवढी, प्रश्न मात्र वकिलाचे. तिच्या मते प्रसंगापेक्षा आपण लावलेला त्याचा अर्थच आपल्याला अधिक घाबरवतो. तो वहीत लिहावा आणि दोन्ही बाजूंचे पुरावे मांडावेत. चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेला माणूस मी. वही निर्दोष भरली. तिने विचारले, भावाने यापूर्वी किती वेळा फोन उचलला नव्हता? सतरा. त्यांपैकी किती वेळा काही वाईट घडले? एकदाही नाही.

“मग आजोबा, यावरून काय दिसतं?”

“हेच, की आता वाईट घडण्याची पाळी जवळ आली.”

तिने पेन खाली ठेवले.

मग प्रयोग ठरला. सात दिवस तुला फोन करायचा नाही आणि दर तासाला भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. पहिल्या सकाळी नव्वद. दुपारी पंख्यावरून तुझ्या वहिनीशी वाजले आणि भीती आपसूक तिसावर आली. चौथ्या दिवशी शब्दकोडे सोडवताना गुण द्यायचेच राहिले. मला लाज वाटली. आई गेल्यापासून तुझ्यावर लक्ष ठेवणे हे माझे काम. ते तासभर थांबले तरी तू शाबूत राहतोस, हे मला बासष्ट वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

तुझा,
दादा

ता. क. अक्काच्या तारखाही चुकल्या आहेत:

दार उतरवले: दोन तारखेस नव्हे, तीन तारखेस.

परत बसवले: त्याच सायंकाळी. ‘आठवडाभर घर उघडे’ ही अतिशयोक्ती.

प्रयोग: नऊ ते पंधरा.

हे पत्र: तेरा तारखेस, पोचपावतीसह. पावतीवर सही तूच कर, शेजाऱ्याने नको. तुझे अक्षर मी ओळखतो. पत्र म्हणजे फोन नव्हे. (समुपदेशिकेस विचारलेले नाही.)