यादीतलं पहिलं नाव

प्रिय ढापण्या,

‘प्रिय’ लिहून मी दहा मिनिटं थांबलो. खोडावं की ठेवावं? शेवटी ठेवलं, कारण मायना हा मायना असतो, त्यावर कुणी कुणाला शपथेवर विचारत नाही. ‘ढापण्या’ मात्र मनापासून. सहावीत तुला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला आणि अख्ख्या वर्गानं एकमतानं तुझं नामकरण केलं. तेव्हा ते नाव डोळ्यांवरच्या ढापणांवरून पडलं होतं. ‘ढापणे’ असं एक क्रियापदही भाषेत आहे, हे गेल्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. संस्कृतात एम. ए. झालेल्या आणि पोटासाठी जन्मभर दुसऱ्यांची प्रुफं तपासणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण आलं नव्हतं खरं. पाच महिने झाले आपण बोललेलो नाही. तुला पुन्हा घरात घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण प्रश्नाआधी मला प्रस्तावना लागते, हे तुला ठाऊक आहे.

इकडची खबर म्हणशील तर छापखान्यात सध्या एका दंतवैद्याचं आत्मचरित्र माझ्या टेबलावर आहे. चारशे पानं, आणि त्यात लेखक सोडून कुणालाच तोंड मिटायला सवड नाही. गेल्या महिन्यात माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला. तुझ्याकडे यायचं नव्हतं म्हणून बसथांब्यासमोरच्या नव्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी मला यंत्राला डोळा लावायला सांगितलं आणि दोन मिनिटांत दोन्ही नंबर वाढल्याचं जाहीर केलं. मी स्क्रू तेवढा बसवून घेतला आणि उठलो, कारण मला तुझी आठवण झाली. तू म्हणायचास, “नंबर तोच आहे पंडित, काचा पुसत जा.” गिऱ्हाईक पैसे काढून उभं असायचं आणि तू त्याला जुनाच चष्मा फडक्यानं पुसून परत द्यायचास. वीस वर्षं तू लोकांना ‘नको’ म्हणत आलास. म्हणून तर तुझ्या ‘घ्या’वर त्यांचा विश्वास बसला. त्या पावडरवाल्या कंपनीला तुझं दुकान नको होतं रे, काचेचं कपाट तर नकोच होतं. तिला तुझं ते ‘नको’ हवं होतं, आणि तू ते तिच्या हवाली केलंस.

माझी ही गेली, त्यानंतर दीड महिन्यानं तू रोज संध्याकाळी सातला यायला लागलास. पहिले काही दिवस नुसता यायचास. मग पिशवी घेऊन यायला लागलास. पिशवीत ती पावडर. डब्यावर धावणारी बाई, आत ओल्या पुठ्ठ्याच्या चवीची व्हॅनिला. पाण्यात ढवळली की गाठी होत, आणि त्या फोडताना मनगटाला जो व्यायाम होई, तोच काय तो तिचा गुण. तरी मी महिन्याला दोन डबे घेत गेलो. तू मला फसवलंस असं मी म्हणणार नाही, तेवढा मोठेपणा तुला द्यायची माझी तयारी नाही. मी डब्यांचे पैसे देत नव्हतो, सात वाजताचे देत होतो. हिच्या माघारी घरात सात वाजणं ही फार अवघड गोष्ट झाली होती. तू बूट काढून खुर्चीत मांडी घातलीस तर आज मित्र आलाय आणि बूट तसेच ठेवून टोकावर बसलास तर आज प्रतिनिधी आलाय, एवढं मला दारातच कळायचं. दोघांनाही मी चहा देत होतो.

मग तू मला त्या हॉलवर नेलंस. दोन-अडीचशे माणसं, सगळी टाय लावलेली किंवा लावायची होती असा चेहरा केलेली, आणि दर वाक्याला टाळ्या. मंचावरच्या गृहस्थांना सगळे ‘डायमंड सर’ म्हणत होते. माणसाला खनिजाच्या नावानं हाक मारतात तिथं आपलं काय काम, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपला माहितीपत्रकातल्या चुका मोजत बसलो. वर ठसठशीत लिहिलं होतं, ‘बहुस्तरीय विपणन’. सवयीनं ‘बहुस्तर’चा विग्रह केला: बहु आहेत स्तर ज्याला ते. समास बहुव्रीही. शाळेत शिकवलेलं आठवतंय? या समासात दोन्ही पदं बिचारी राबतात आणि अर्थ जातो तिसऱ्याच्याच पदरात, जो समासात कुठं दिसतही नाही. ‘अर्थ’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथं धर. तुमच्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही, आणि ती तुमच्याच पत्रकावर मोठ्या टायपात छापलेली होती. शेजारी बसून तू टाळ्या वाजवत होतास म्हणून मी तेव्हा सांगितलं नाही.

सांगितलं नाही, उलट सभासदाच्या अर्जावर सही केली. मग तू म्हणालास, आता ओळखीच्या शंभर माणसांची यादी कर. माझ्या ओळखीची माणसं जास्तीत जास्त चौदा, त्यांतली पाच व्याकरणकार आणि तीही वारलेली. तेव्हा तू मोठ्या उदारपणे स्वतःच्या यादीची झेरॉक्स नमुना म्हणून दिलीस. नमुना द्यावा, पण आधी एकदा वाचून द्यावा, एवढी एक गोष्ट छापखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता मी तो कागद काढला. हातात लाल पेन होतंच. पहिल्या ओळीत चूक दिसली आणि मी ती दुरुस्त केली. ‘विधूर’ असं लिहिलं होतंस. ‘धु’ ऱ्हस्व. खूण केली, कडेच्या समासात बरोबर रूप लिहिलं, आणि मग सगळी ओळ वाचली. ‘पंडित. विधूर. संध्याकाळी एकटाच. नाही म्हणत नाही.’

धुर् म्हणजे जू. ज्याचं जू सुटलं तो विधुर. ऱ्हस्व लिही की दीर्घ, सुटलेलं जू सुटलेलंच. पण त्या कागदावरची तारीख मी तीनदा पाहिली, ढापण्या. हिला जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता. म्हणजे नुसता यायचास म्हणून ज्या पहिल्या संध्याकाळी मी जपून ठेवल्या होत्या, त्यासुद्धा नुसत्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही, दोन शब्द तर कोशातही नाहीत. तू मात्र शांतपणे शिकवलेलं बोललास. लोक या व्यवसायाला विनाकारण बदनाम करतात, लोकांची मनोवृत्तीच नकारात्मक आहे, आणि हल्ली याला बहुस्तरीय वगैरे म्हणतही नाहीत, नेटवर्किंग म्हणतात. आता कम्युनिटी म्हणतात असं ऐकतो. भाषेत असं सारखं नाव बदलावं लागणारी दुसरी एकच जागा मला ठाऊक आहे. संडास म्हणता म्हणता लाज वाटली, शौचालय झालं, मग प्रसाधनगृह झालं, आता वॉशरूम आहे. नावं बदलली, आत जायचं कारण तेच आणि नाक दाबायचं कारणही तेच. आणि बदनामी म्हणशील, तर चोराचं एक बरं असतं. तो आपल्या घरी चोरी करतो आणि निघून जातो. जाताना आपल्यालाच आपल्या बहिणीच्या घरी चोरी करायला पाठवत नाही.

बहीण मी उगाच लिहिलेली नाही. केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या ताई आठवत असतीलच, तुझ्या यादीत त्या सातव्या होत्या. त्या आत आल्या त्याला थोडा मीही कारण आहे, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू गळ घातलीस म्हणून मी तुझ्या जाहिरातीसाठी एक ओळ रचून दिली होती, ‘गृहे गृहे स्वास्थ्यम्’. व्याकरण निर्दोष होतं. संस्कृत दिसलं की माणसं आवाज खाली घेतात, आणि हजार वर्षं जुनं म्हणजे खरंच असणार असं समजतात. ती ओळ सव्वा मिनिट जुनी होती. माझ्या शर्टाची कॉलर उलटवून देताना ताई म्हणाल्या, “संस्कृतात लिहिलंय म्हटल्यावर मी काही विचारलंच नाही हो.” मी कॉलर घेऊन घरी आलो.

त्यांच्या यादीत शंभर नावं नव्हती, एकच होतं. धाकट्या बहिणीचं. आणि तेही लिहून त्यांनी तुला लगेच सांगितलं होतं की तिला एवढ्यात काही बोलू नका. तू दुसऱ्या दिवशी तिला फोन केलास, “तुमच्या ताईंनीच तुमचं नाव सुचवलंय.” पुढचं तुला माहीत आहे. बहिणीचा समज असा की ताईनं कमिशनसाठी तिला विकलं. सात महिने ती ताईंचा जिना चढलेली नाही. ताई सांगून थकल्या, ती ऐकत नाही, फोनवर म्हणते, “अगं, तो चष्मेवाला कशाला खोटं बोलेल?” बघ, तुझी पत अजून शिल्लक आहे. ती अजून त्या दोघींच्या मध्ये उभी आहे.

आता रविवारचं. शनिवारी तुझा निरोप आला, ‘एक महत्त्वाची गोष्ट बोलायची आहे. फोनवर नको, समोरासमोर. किती वाजता येऊ?’ तुमच्या प्रशिक्षणाचा कागद माझ्याकडे अजून आहे, पुरावा म्हणून ठेवलाय. त्यातलं पहिलं वाक्य अक्षरशः हेच आहे, पूर्णविरामासकट. मी कळवलं, परगावी आहे. तरी तू रविवारी आलास, कारण पंडित परगावी जात नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तू बेल वाजवलीस. मी दाराआड श्वास धरून उभा राहिलो. तू पुन्हा वाजवलीस आणि आतून कुकरनं उत्तर दिलं. मी परगावी, कुकर घरी. तिसऱ्यांदा तू बेल वाजवली नाहीस. जिना उतरताना तुझी पावलं ऐकली, आणि खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं. पुढं वरण करपलं, ते जाऊ दे.

मंगळवारी केस कापायला गेलो. मानेवर वस्तरा ठेवून न्हावीबुवा म्हणाले, “तुमचा मित्र फिरतोय घरोघरी. आता माफीची नवी स्कीम काढलीय म्हणे.” सगळं दुकान हसलं. वस्तरा होता म्हणून मी हललो नाही, नाहीतर मीही हसलो असतो. ते पुढं सांगत होते की तू त्यांच्याकडे येऊन “एक महत्त्वाची गोष्ट” इतकंच बोललास, तोवर त्यांनी तुला फडकं दाखवून बाहेर काढलं. वर ताईंकडे गेलास, त्यांनी साखळी लावून फटीतूनच “नको” म्हटलं. परत येताना मी मुद्दाम तुझ्या दुकानासमोरून आलो, पलीकडच्या बाजूनं. काचेच्या कपाटात डबे नव्हते. पुन्हा फ्रेमा लागल्या होत्या, वाकड्या, तुझ्या पद्धतीनं. तेव्हा कळलं की कुकरच्या शिट्टीच्या पलीकडे उभा राहून तू काय विकायला आला होतास. काहीच नाही.

म्हणून हे पत्र. माफ केलंय असं यात कुठंही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. माझं माझ्याजवळ राहू दे, त्याला वेळ लागेल, आणि तोवर माझ्या बेलला हात लावू नकोस. पण ताईंचं थांबण्यासारखं नाही, आणि त्यांच्या बहिणीला खरं काय ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. अडचण एवढीच की तुला दुसरं वाक्यच येत नाही. त्या लोकांनी तुझ्या तोंडात घातलेलं तेच वाक्य घेऊन तू माफी मागत हिंडतोयस, आणि ते ऐकून कोण दार उघडेल? तेव्हा माझ्या धंद्यातली एक दुरुस्ती फुकट देतो. ‘एक महत्त्वाची गोष्ट बोलायची आहे’ हे समूळ काढ. नमस्कारही नको. सरळ म्हण, “ताई, तुमच्या बहिणीला फोन मी केला, तुम्ही नको म्हणाला होतात, आणि हे मी तुमच्यासमोर तिला सांगणार आहे.” पुढं एक शब्द जोडू नकोस, तुला विशेषणांचा मोह आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्या जिन्यात असेन. त्यांची बेल मी वाजवतो, कारण ती संस्कृत ओळ माझी होती आणि ते त्यांना मलाही सांगायचंय. दार उघडतील तेव्हा त्यांच्या हातात कात्री असेल. ती कामाची आहे, तुझ्यासाठी नाही. तरी बोलून होईपर्यंत तू माझ्यापेक्षा एक पायरी खाली उभा राहा.

तुझाच (‘च’ दोनदा तपासला, तूर्त ठेवला आहे),
पंडित